पुढे कोण आहे?

कॉपर फोर्क, नॉर्थ कॅरोलायना
११ फेब्रुवारी

ती. ऑटी आत्या,

सा. न. वि. वि., आणि त्यातलं विशेष हे की डॅडी पेटलेत.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. नाहीतर त्यांचा आवाज टोलेडोपर्यंत फोनशिवायही पोचला असता. स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या मंडळाने यंदा नियम बदलले. आता शर्यतीचे तीन तुकडे. एक तुकडा संपला की पिवळा झेंडा. पुढे पळालेल्याची आघाडी गेली, सगळ्या गाड्या दोन-दोनच्या रांगेत एकमेकींना चिकटवायच्या आणि पुन्हा सोडायच्या. शिवाय गाडीच्या मागची उभी पट्टी कापून लहान केलीय, म्हणजे मागच्याला पुढे घुसणं सोपं. हे सगळं कशाला, तर चुरस वाढावी.

गावात दुसरा विषय नाही. ट्रॅकवर आमच्या रांगेत बसणारी जूनी लेफलर म्हणते, हे म्हणजे जेवताना तीनदा पुढ्यातलं ताट ओढून घेण्यासारखं आहे. आमचे पास्टर मात्र खूश. म्हणाले, मधल्या दोनशे फेऱ्यांत लोक डुलक्या काढतात त्या बंद होतील. त्यावर डॅडींनी त्यांना चर्चच्या पायरीवरच सुनावलं की मग आधी प्रवचनाची पट्टी कापा.

डॅडींनी जाहीर केलंय, एप्रिलच्या शर्यतीला ते येणार नाहीत. चौथ्या वळणावरच्या एकतिसाव्या रांगेत एक्केचाळीस वर्षं आपल्या दोन खुर्च्या आहेत. एक मार्चच्या आत कळवलं नाही तर जातील. आई गेल्यापासून ते बाहेर पडतात ते चर्चला आणि ट्रॅकला. ट्रॅक सुटला तर माणूस टीव्हीसमोर वाळून जाईल, आत्या.

आणि एक कबुली. मंडळ इंटरनेटवर प्रेक्षकांची मतं मागवतं, ती डॅडींच्या नावाने मीच भरते. चुरस वाढावी का, असं विचारलं होतं. वर्षभर हेच ओरडत होते की पुढचा सशासारखा पळून जातो, बघायला काही उरत नाही. मी ‘होय, फार’वर टिचकी मारली. त्यांना कळलं तर मला एकतिसाव्या रांगेवरून खाली सोडतील.

काय करू सांग. तुझा लोभ मला कायम जरा जास्तच मिळालाय. यंदा त्यातला थोडा सल्ल्याच्या रूपाने पाठव.

तुझी
नेल्डा

टोलेडो, ओहायो
१७ फेब्रुवारी

चि. नेल्डास अ. आ., आणि एक चापट.

तुझ्या टिचकीने नियम बदलत असते, तर मी कधीच टिचकी मारून ओहायोतला बर्फ बंद केला असता. एवढी मोठी तू नाहीस, बाळा.

तुझ्या बापाचं मनावर घेऊ नकोस. ट्रॅकवर उकडलेल्या शेंगा कागदी पिशवीऐवजी कपात द्यायला लागले, तेव्हा त्याने जन्माचा बहिष्कार घातला होता. तो जन्म अकरा दिवस टिकला. तू खुर्च्यांचं कळवून टाक. शर्यतीच्या सकाळी चिकन तळायला घे. वास आला की येईल टोपी शोधत.

आठवण काढतेस, तशीच काढत जा.

ऑटी आत्या

कॉपर फोर्क
२२ फेब्रुवारी

ताई,

दंडवत. गुडघ्यांमुळे उभ्यानेच.

मी नियमांवर चिडलोय हे नेल्डाने तुला कळवलं असेलच. चिडलोय तर खराच. नियम टाकाऊ आहेत. पण ते कारण नाही. कारण तुला सांगतो, कुणाला तरी सांगायला हवं.

मी दर दहाव्या फेरीला पहिल्या दहा गाड्यांचे नंबर कागदावर उतरवतो, तुला माहितीय. गेल्या ऑक्टोबरात दोन गाड्या भिंतीवर गेल्या, पिवळा झेंडा लागला, सगळ्या एकत्र आल्या आणि सुटल्या. मी वर बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि पुढे कोण आहे तेच कळेना. डोळे चांगले आहेत, तपासून घेतले. नंबर दिसायचा, पण हातापर्यंत यायच्या आत पुसला जायचा. जुन्या नियमांत बरं होतं. पंधरा-वीस फेऱ्यांत गाड्या पांगायच्या, मग मीही धागा धरायचो. आता दिवसभर गठ्ठाच राहणार. लोकांना गठ्ठा हवाय. त्यांचं काही चुकत नसेल.

परवा ट्रक घेऊन येताना आपल्याच घराचं वळण सोडून चार मैल पुढे गेलो.

नेल्डाला सांगू नकोस. ती आधी किल्ली घेईल, मग डॉक्टरकडे नेईल, मग माझ्याशी हळूहळू, सोपं सोपं बोलायला लागेल. नियमांवर चिडलेला म्हातारा सगळ्यांना चालतो, ताई. तोच राहू दे मला.

व्हेस्टल

टोलेडो
२८ फेब्रुवारी

चि. व्हेस्टल,

आशीर्वाद.

अरे गाढवा, तिला सांग. पोटची पोर आहे ती. तू मला शब्दात अडकवलंस आणि मी इथे सहाशे मैलांवर, पाय हे असे. शाई वाया घालवण्यापलीकडे माझ्या हातात काय आहे? निदान ट्रक चालवू नकोस. बिघडला म्हणून सांग. खोटंच बोलायचं तर कामाचं तरी बोल.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून शिव्या.

ताई

कॉपर फोर्क
९ मार्च

ती. आत्या,

सा. न. वि. वि. वाच आणि नाच!

खुर्च्यांचं कळवून टाकलं. एवढ्यावर थांबले नाही. नियम परत जुने करा म्हणून रांगेतल्या छत्तीस जणांच्या सह्या घेतल्या. मंडळ काही हललं नाही, पण ट्रॅकच्या ऑफिसातून फोन आला. शर्यतीआधी जुन्या प्रेक्षकांच्या वतीने डॅडींनी माइकवर दोन मिनिटं बोलावं म्हणे! मी सांगितलं तेव्हा ते पांढरेच पडले. आनंदानेच असणार. एक्केचाळीस वर्षं रांगेतून ओरडतायत, आता अख्खा ट्रॅक ऐकेल. आणि येणार नाही असं एकदाही म्हणाले नाहीत.

बाकी ठीक. ट्रक बिघडलाय म्हणतात, पण मेकॅनिकला हात लावू देत नाहीत. म्हणून मीच ने-आण करते. बडबड ऐकायला मिळते, तेवढंच.

तुझा चिकनचा सल्लाही पाळणार आहे. असाच मायेचा धाक राहू दे.

नेल्डा

टोलेडो
१६ मार्च

चि. नेल्डास आशीर्वाद.

माइकचं रद्द कर. का ते विचारू नकोस. शर्यतीला न्यायचंच असेल तर त्याच्या शेजारी बस, आणि फोनमध्ये डोकं घालू नकोस. त्याच्याकडे बघ.

याहून जास्त लिहिलं तर माझा शब्द मोडतो. याहून कमी लिहिलं तर तुला कळणार नाही. म्हणून मधलंच काहीतरी लिहितेय, आणि त्याचा कुणालाच उपयोग नाही हे मला ठाऊक आहे.

आत्या

कॉपर फोर्क
१० एप्रिल

आत्या,

या वेळी नमस्कार शेवटी करते.

माइकचं रद्द केलं नाही. मला वाटलं, तुझं काहीतरी म्हातारपणाचं. ते गेले माइकपाशी. म्हणाले, नियम टाकाऊ आहेत, शेंगा बऱ्या आहेत, बसा आता. आणि खाली आले. लोकांनी टाळ्या वाजवून ट्रॅक डोक्यावर घेतला. मी रडले वेडी.

पहिला तुकडा नीट गेला. दुसरा सुटला तसं त्यांनी मला विचारलं, पुढे कोण आहे. मी म्हटलं, एकोणीस. अर्ध्या फेरीत परत विचारलं. गाड्यांच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं वाटलं मला. मग परत. मी त्यांच्या मांडीवरचा कागद बघितला. एकाच ओळीत एकोणीस चार वेळा लिहिला होता.

तेव्हा सगळी रांग उभी होती, आत्या. खोटं कशाला बोलू, अशी शर्यत मी जन्मात पाहिली नव्हती. तीन गाड्या शेजारी शेजारी, सात फेऱ्या, कुणी हटेना. ते छत्तीस जण आपल्या सह्या विसरून नाचत होते. जूनी खुर्चीवर चढून किंचाळत होती की हाच नियम आधी का नाही आणला मेल्यांनी. बसलेले फक्त डॅडी. मान खाली. पेन्सिल कागदावर टेकलेली, आणि हलत नव्हती.

तुझं ते मधलं पत्र तेव्हा कळलं मला.

मी खाली बसले. पुढचं काही दिसेना, फक्त लोकांच्या पाठी. मोठा पडदा मात्र दिसत होता. त्यावर बघून नंबर म्हणत राहिले, स्वतःशीच बोलल्यासारखी. एकोणीस, चार, बावीस, अठ्ठ्याऐंशी. पेन्सिल हलायला लागली. उरलेल्या सगळ्या फेऱ्या म्हटल्या. घसा बसलाय.

तू सांगितलं नाहीस, त्याचा राग नाही. पण आता मलाही शब्द दे. मला कळलंय हे त्यांना कळवू नकोस. डॉक्टरकडे न्यायला हवं. काय कारण सांगून नेऊ, तेवढं सुचव. मला काहीच सुचत नाहीये.

नमस्कार करते, आणि धरून ठेव मला.

नेल्डा

कॉपर फोर्क
११ एप्रिल

ताई,

दंडवत.

उगाच घाबरत होतीस. नेल्डाला काही कळलं नाही.

शर्यत झाली. नियम टाकाऊच आहेत. लोक उड्या मारत होते, पण लोकांना काय, माकडवाला आला तरी मारतील. माझा कागद शेवटपर्यंत पूर्ण झाला. मलाच आश्चर्य वाटलं.

पोरीला मात्र एक वाईट खोड लागलीय. शर्यत बघताना नंबर मोठमोठ्याने म्हणते, पहिलीतली मुलं बोट ठेवून वाचतात तशी. त्याशिवाय तिला समजत नसणार. मी बोललो नाही काही. बावन्न वर्षांची झाली, आता काय सुधारायची. ऑक्टोबरच्या शर्यतीलाही जावं लागेल मला, एकटीला झेपायचं नाही तिला.

तू जपून राहा. बर्फावर चालू नकोस.

आणि हो, मुख्य लिहायचं राहिलंच. नेल्डाला काही कळलं नाही.

तुझा
व्हेस्टल