तिसऱ्या हाकेआधी

पोर्ट ब्लेअर, अंदमान
११ मे २००३, रविवार

उज्वलाअक्का,

तुला नमस्कार. आबांच्या पायाला इथूनच हात लावतो, लांब हाय पण पोचंल. मी बरा हाय. गावाचं नाव वाचून दचकू नको. पोरगं काळ्या पाण्याला गेलं असं आबांना सांगू नको. मी इथं पोळ्या लाटायला आलोय.

झालं असं, लातूरच्या एका क्लासचे सर लोक परीक्षा आटोपल्यावर बायका-लेकरं घेऊन सहलीला निघाले. समुद्र ओलांडला तरी त्यांना दोन वेळा वरण-भात आन् ठेचा लागतो, म्हणून टूरवाल्यानं उदगीरचे सिद्रामप्पा आचारी सोबत दिले, आन् सिद्रामप्पांच्या हाताखाली मी. सर लोक विमानानं आले. आम्ही दोघं पातेली घेऊन मद्रासहून जहाजानं. तीन दिवस सिद्रामप्पा नुसते ओकत होते. म्हणायचे, "शंकऱ्या, मी मेलो तर मोठ्या पातेल्यात घालून परत ने, पण पाण्यात टाकू नको."

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. नांदेडला जिलानीच्या पंक्चरच्या दुकानात पडून होती. निघताना त्यानं हातात कोंबली आन् म्हणला, "तेरी अक्का लिख लिख के थक गई, एक तो जवाब दे." पहिल्यात तू लिहिलंस, सप्टेंबरला भूकंपाला दहा वर्षं होतील, जुन्या गावात मायच्या नावानं दिवा लावायला यंदा तरी ये. दुसऱ्यात तू जे विचारलंस, त्याचं लिहितो. आधी कालचा दिवस सांगतो.

काल बेटं बघायचा दिवस होता. जेवणाचे डबे उचलायला म्हणून मला बोटीत घेतलं. अक्का, आपल्याकडं पाण्याला मातीचा रंग असतो, तेरणा बघ न्हाईतर विहीर बघ. इथं बोटीची सावली तळावर पडलेली दिसते. आपण हवेत टांगल्यासारखं वाटतं. कुणाला तरी सांगावं म्हणून शेजारी बघितलं, तर शेजारी डबेच होते.

पहिलं बेट रॉस. तिथं इंग्रज साहेबांची वस्ती होती म्हणे. आता नुसत्या भिंती उरल्यात, आन् त्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी आवळून धरलंय. हरणं हातातलं खातात. गाईड म्हणला, इथं पण भूकंप झाला होता, एक्केचाळीस साली. सर लोकांनी फोटो काढले. एक मॅडम म्हणल्या, "अगदी किल्लारीसारखं वाटतंय, नाही?" मी डबे या हातातून त्या हातात घेतले. आपल्या माळवदाला अशा मुळ्या असत्या तर... जाऊ दे. हरणाला मी एक पोळी दिली, त्यानं हुंगून सोडून दिली. सिद्रामप्पांना हे सांगितलं न्हाई.

बोटीत मन्मथ सरांनी मला ओळखलं. फिजिक्सचे. तू मला लातूरला ज्या क्लासला घातलं होतंस, तिथं तवा शिकवायचे.

"तू किल्लारीचा ना रे? आपल्याकडं होतास."

"हाव सर. सात महिने."

"आठवलं! हजेरीला दोनदा नाव घेतलं तरी तोंड न उघडणारा! मी गैरहजेरी मांडायचो आन् हा गडी समोरच बसलेला. आता कुठल्या बॅचला?"

"पोळ्यांच्या, सर."

सगळी बोट हसली. मी पण हसलो. सर माणूस चांगला हाय. म्हणले, "पोळ्या मात्र मऊ असतात हां तुझ्या."

दुसऱ्या बेटावर पाण्यात तोंड घालून मासे बघायचे होते. सरांच्या मिसेस म्हणल्या, माझ्या नाकात पाणी जातं, मी न्हाई. मग त्यांच्या जागी सरांनी मला ढकललं. डोळ्यावर काचेचा चष्मा, तोंडात वाकडी नळी. पाण्यात उतरवणारा गाईड तेलुगू होता, आपले देगलूरकडचे बोलतात तसं हिंदी. बोटांचा गोल करून दाखवला आन् म्हणला, "मैं हाथ लगाया तो तुरंत ऐसा करने का. पहली बार में. मैं बार-बार नहीं पूछता, सीधा बाहर खींचता."

तोंड खाली घातलं आन् खाली दुसरंच गाव दिसलं. फुलकोबीच्या गड्ड्यासारखे पोवळ्यांचे दगड. हळद लावल्यासारखे पिवळे मासे, कुणाच्या लग्नाला निघाल्यागत रांगेनं. तुझी लई आठवण आली. पण आवाज काहीच न्हाई. कानात फक्त आपला श्वास, आत, बाहेर. वर माणसं बोलून राहिली होती ते ऐकू यायचं, पण लांबून, मातीपलीकडून आल्यासारखं.

तेवढ्यात कुणीतरी माझा घोटा धरला.

मी लाकडासारखा ताठ झालो. घोटा दाबला, परत दाबला. मला बोटं हलवता येईनात. मग गाईडनं मला बखोटीला धरून वर ओढलं आन् लई शिव्या घातल्या. "पूछा तो जवाब देने का! नीचेवाला नहीं बोलेगा तो ऊपरवाले को क्या समझेगा?" माझे डोळे वाहत होते. सर म्हणले, खारं पाणी लागलं, चोळू नको. मी बरं म्हणलो.

आता सरळ लिहितो, न्हाईतर परत माशांवर जाईन.

तू विचारलंस, "मी त्या दिवशी तुम्हाला लवकर उकरलं असतं तर माय वाचली असती, म्हणून तू माझं तोंड बघायला येत न्हाईस का?" न्हाई अक्का. तसं न्हाई. मी त्या दिवशी बेशुद्ध नव्हतो.

तू आन् आबा शेतात उडदाच्या राशीवर झोपला होता. घरात मी आन् माय. तू पळत आलीस तवा उजाडलं होतं, पण ढिगाखाली उजाडलं नव्हतं. मायच्या छातीवर तुळई होती, तिला बोलता येत नव्हतं. तिचा हात माझ्या घोट्यावर होता. वरून तू हाक मारलीस, "शंकऱ्या!" माझ्या तोंडापर्यंत ओ आली होती. पण माय काय शिकवायची, आठवतं? अंधारात नावानं हाक आली तर लगेच ओ देऊ नये. भूत दोनदाच हाक मारतं, माणूस असलं तर तिसऱ्यांदा मारतंच. मी आठ वर्षांचा. मला वाटलं अजून रात्रच हाय. तू दुसऱ्यांदा हाक मारलीस. मायनं घोटा दाबला. मला वाटलं, गप राहा म्हणती. मी तिसरीची वाट बघत राहिलो.

तेवढ्यात शेजारून शिवगंगाकाकूचं ओरडणं आलं, माझं लेकरू निघंना म्हणून, आन् तू तिकडं धावलीस. ते लेकरू वाचलं, ते तुझ्यामुळं. दुपारी तुम्ही मला बाहेर काढलं तवा मायचा हात घोट्यावर तसाच होता. दाबत नव्हता.

तू मला पोटाशी धरून विचारलंस, "बेशुद्ध होतास ना रे?" मी हाव म्हणलो. तेवढा एक हाव घेऊन मी नांदेड, हैदराबाद, कुठं कुठं फिरून राहिलो. घरी आलो की तू कौतुकानं वाढायचीस आन् मला घास उतरायचा न्हाई. खरं सांगावं तर तू तिसरी हाक का मारली न्हाई म्हणून स्वतःला खात बसशील, ही भीती. न सांगितलं तर तसंही खातच बसलीस की. खाऊ नको. तुझी पहिलीच हाक पुरेशी होती. कमी पडलो तो मी.

काल पाण्यात कळलं. माय गप राहा म्हणत नव्हती. ओ दे म्हणत होती.

सिद्रामप्पा मघापासून बोलावून राहिलेत, कणीक मळायची हाय. सर लोक उद्या विमानानं जातील, आमचं जहाज शुक्रवारी. मद्रास, मग नांदेड, तिथून लातूर आन् जीपनं किल्लारी. सप्टेंबरपर्यंत थांबत न्हाई. आबांना सांगायचं का न्हाई, तू ठरव. हे वाचून तू दार लावून घेतलंस तरी मी ओट्यावर बसून राहीन.

तुझी दोन पत्रं झाली. तिसऱ्याची वाट बघत न्हाई.

ओ, अक्का.

शंकऱ्या