धुराड्याची झडप

साव्हो, मंगळवार

प्रिय इर्या,

शस्त्रक्रियेनंतरची डोळ्यावरची पट्टी सुटली असेल, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. एरवी तू त्याला 'मुंग्यांची वरात' म्हणतेस. शुक्रवारी तू घरी येणार. त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्ये तुझी थट्टा करीन, सवयच आहे. पण प्रश्न तुझ्या जिवाचा आहे.

घर माझ्यावर सोपवताना तू भिंतीवर चिठ्ठी डकवलीस: 'झडप वेळेवर लाव. कावळ्यांना ऊब देऊ नकोस.' वाक्य आपल्या आईचंच. आपल्या गावात सुनेची परीक्षा राय धान्याच्या पावावर होत नसे, धुराड्याची झडप ती कधी लावते यावर होई. घर तापवायच्या भट्टीतल्या निखाऱ्यांवर निळ्या ज्वाळा नाचत असतानाच जी लावील आणि ऊब धुराड्यातून जाऊ देणार नाही, ती सुगरण. मीही सुगरणीसारखी लावली.

पहिल्या दिवशी, दुपारी चारलाच पडणाऱ्या अंधारात, पाण्याच्या बादलीत पळी वाजली. उंदीर, म्हटलं. डोकं जड झालं होतं, छातीत धडधडत होतं, वय, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ओसरीतून पावलं आली आणि थांबली. उन्हाळ्यात तू सांगितलं होतंस, की हिवाळ्यात संध्याकाळी वारलेली आई येते, बाकावर बसते, दार उघडलं की जाते, तिला बाहेरचा वारा सोसत नाही. तेव्हा मी म्हणालो होतो, भूतविद्या हे आयुर्वेदाचं अंग आहे खरं, पण परीक्षेला नव्हतं म्हणून मी गाळलं. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस.

तिसऱ्या दिवशी आई बाकावर होती. पाठमोरी, लोकर गुंडाळत. उठायला गेलो तर पाय माझे नव्हते, आणि छातीवर कुणीतरी बटाट्यांचं पोतं ठेवलेलं, डावा हात खांद्यापासून दुखत होता. तेवढ्यात शेजारचा नेस्तोरी, चाळीस वर्षं धुराडी झाडलेला माणूस, नेहमीसारखा न विचारता कॉफीला आला. त्याने दार सताड उघडलं, काखेत धरून मला ओढलं आणि बर्फात बसवलं. "प्राध्यापक," तो म्हणाला, "मरायचंच असेल तर पेन्शन घेऊन मरा. आधी श्वास घ्या."

रुग्णालयात बोटाला लावलेलं यंत्र प्राणवायू अठ्ठ्याण्णव टक्के दाखवत होतं. परिचारिका म्हणाली, उत्तम. पण हृदयाचा आलेख मात्र नळी तुंबलेल्या माणसासारखा. नळ्या तपासल्या, तर माझ्या व्याकरणापेक्षा स्वच्छ. मग तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं आणि विचारलं, घरी भट्टी आहे का? झडप लवकर लावली की निखाऱ्यांतला कार्बन मोनॉक्साइड घरातच कोंडतो; त्या वायूला ना रंग ना वास. रक्तात प्राणवायूने बसायच्या जागा तो आधी अडवतो आणि हलता हलत नाही. बोटाच्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. हृदयाच्या स्नायूतही तो शिरतो. बिचारं हृदय उपाशीपोटी दुप्पट राबतं, आणि ज्याच्या नळ्या आधीच अरुंद, त्याचं थोड्याशानेही थांबू शकतं. तीस वर्षं संस्कृतच्या वर्गात पोरांना पंचप्राण शिकवले, इर्या. या सहाव्याची ओळख खाटेवर झाली.

घरात आणखी कोण राहतं, असं त्यांनी विचारलं. मी तुझं सांगितलं: हिवाळी संध्याकाळी छाती आवळते, जिभेखाली गोळी ठेवावी लागते, शहरात मात्र तीन आठवडे एकदाही नाही. त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्यांचं म्हणणं, तुझ्या रक्तात आता काही सापडणार नाही, पण हृदयाचा आलेख गुरुवारपर्यंत काढून घे. ही विनंती नाही.

एवढंच असतं तर नेस्तोरीने फोनवर दोन शिव्यांत सांगितलं असतं. मी लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. रविवारी घरी परत आलो. सगळं कळलेलं, औषधांची पिशवी हातात. भट्टी पेटवली, निळ्या ज्वाळा आल्या, आणि पाहतो तो माझा हात झडपेवर. लावली मी. आईने एकदा मान वळवायला हवी होती, एवढंच मनात होतं. बादलीत पळी वाजली तेव्हा छातीत कळ आली आणि मी रांगत दारापर्यंत गेलो. उंबऱ्यावर बसून तुझं वाक्य आठवलं: दार उघडलं की जाते. म्हणजे तू दार उघडून पाहिलं होतंस. एकदा नव्हे, पुष्कळदा. आणि पुन्हा लावलं होतंस. तुला काय ठाऊक होतं, ते मी विचारणार नाही. मला रविवारी ठाऊक होतं, तरी लावलीच. काल नेस्तोरीने झडप उपटून काढली आणि आम्ही ती तळ्यात टाकली. घर आता लवकर थंड होतं, आणि आई येत नाही. दार उघडून तुला हे कळू नये, म्हणून आधी लिहिलं. शुक्रवारी बसथांब्यावर मी उभा असेन. हिवाळाभर इथेच राहीन.

बाकावरची दुसरी बाजू अडवून बसणारा,
तुझाच भाऊ
कालेर्वो