काळा चष्मा आणि काजळाची डबी

बऊबाजार, कोलकाता
२४ जुलै २०२३

ती. ताईस,
श्यामकांतचा कृ. सा. न. वि. वि.

सूनबाई मंजुषा बाळाला घेऊन माहेरून, नागपूरहून, चार दिवसांपूर्वी आली आणि दुसऱ्याच दिवशी माझे डोळे आले. माझं नशीबच तसलं. पापण्या चिकटलेल्या, डोळे लालभडक, सारखं पाणी. गल्लीत निम्म्या घरांत हेच आहे. इथले म्हातारे याला ‘जय बांगला’ म्हणतात, एकाहत्तर सालच्या साथीपासून. नाव काहीही असो, सव्वादोन महिन्यांच्या नातवाला लागलं तर?

आलेल्या डोळ्यांकडे बघितलं की बघणाऱ्यालाही होतं, असं आई सांगायची. म्हणून सोनं गाळताना भट्टीपुढे लावायचा काळा चष्मा मी दिवसभर लावतो. ‘दुकान माझ्या हाती देऊन बाबा पुन्हा भट्टीवर निघाले,’ असं उन्मेष सगळ्यांना सांगत सुटलाय.

तुझी काजळाची डबी पोचली. नातवाला काजळ आजोबानेच घालायचं, ही आपल्या घरची रीत मी सोडलेली नाही. चष्मा लावून, मान फिरवून, अंदाजाने बोट फिरवतो. मंजुषाला ते पसंत नाही. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी काजळ नको म्हटलं होतं म्हणे. मी म्हटलं, ताईच्या काजळावर आमचं सगळं घर वाढलंय. थंडाव्याला मी माझ्याही डोळ्यांत घालतो.

अधिक महिना संपला की बारसं. तोवर बरा होईन ना? फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच लिही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
श्यामकांत

विटा
३० जुलै २०२३

चि. श्यामकांत यास,
शारदाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून काळजीपेक्षा हसूच जास्त आलं. लहानपणी विंचू नुसता दिसला तरी चावल्यासारखा ओरडायचास. अरे, डोळे येतात तसे जातात. तुझ्या मोतीबिंदूच्या वेळच्या थेंबांची बाटली कपाटात असेल, ती घाल. माझीही आहे अजून, औषध कशाला वाया घालवायचं?

चष्मा काढू नकोस आणि काजळ चुकवू नकोस. घरच्या तुपातलं आहे. मंजुषाला म्हणावं, उन्मेषलाही माझंच काजळ घातलं होतं, काय बिघडलं त्याच्या डोळ्यांचं? बायको तर नीट बघूनच केली!

पोराला माझा पापा दे. लांबूनच.
शारदाताई

कोलकाता
८ ऑगस्ट २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ज्याला भ्यालो तेच झालं. शुक्रवारी बाळाचा उजवा डोळा उघडेना. पापणी सुजलेली, पिवळा चिकटा. मंजुषा त्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाली, मी मागोमाग.

मी आधीच सांगून टाकलं की डोळे आल्यापासून मी त्याच्याकडे एकदाही नीट बघितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, बघून काही होत नाही. डोळ्यातलं पाणी हाताला लागतं, हाताचं टॉवेलला, उशीला, आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्यात जातं. मग त्यांनी विचारलं, बाळाच्या डोळ्यांना हात कोण लावतं? मंजुषाने काजळाचं सांगितलं. डबी एकच, बोटही एकच, हेसुद्धा सांगितलं. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही.

बाळाला थेंब दिलेत. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून नाकाकडून बाहेर पुसायचं आणि दरवेळी नवा बोळा घ्यायचा. काजळ कायमचं बंद. माझं दोनेक आठवड्यांत आपोआप जाईल म्हणाले. गार पट्टी, वेगळा टॉवेल आणि साबणाने हात धुणं, एवढंच. डोळा दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसलं तर मात्र लगेच यायचं. तुझ्या सांगण्यावरून घातलेल्या थेंबांची बाटली दाखवली तर चिडलेच. असले उरलेले थेंब मनाने घातले तर नजरसुद्धा जाऊ शकते. तुझी बाटली आजच टाक, ताई.

घरी आल्यावर मंजुषाने माझ्या टॉवेलसाठी वेगळा खिळा ठोकला. बाळ माझ्याकडे देत नाही आणि मीही मागत नाही. बारशाला मी आतल्या खोलीतच बसेन. डबी परत पाठवू का?

माझ्यावर राग धरू नकोस.
श्यामकांत

विटा
१४ ऑगस्ट २०२३

चि. श्यामकांत यास,
अनेक आशीर्वाद.

बाटली टाकली. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. हे काजळ आईने मला शिकवलं, तिला तिच्या आईने. कुणी कधी विचारलंच नाही की बोट कुणाचं.

डबी परत नको. काजळ टाक, डबी उकळून मंजुषाला दे, तिला हवं ते करू दे. आत्यासासूबाई चुकल्या असं सांग तिला. ताई चुकली म्हणायला तुला आवडेलच. आणि खोलीत बसायची सोंगं पुरेत. डोळे निवळले असतील तर हात धू आणि बाहेर ये.

बाळाचा डोळा कसा आहे ते आधी कळव, बाकी मागाहून.
शारदाताई

कोलकाता
२२ ऑगस्ट २०२३

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

बाळाचा डोळा स्वच्छ आहे. माझेही निवळलेत, डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. बारसं रविवारी झालं, नाव अजेय ठेवलं.

तरी मी चष्मा लावून कोपऱ्यातच बसलो होतो. पंगत चालू असताना मंजुषा आली आणि साबणाची वडी माझ्या हातात ठेवली. भट्टीवरून उठल्यावर धुवायचो तसे कोपरापर्यंत हात धुतले. तिने धुतलेला पंचा दिला आणि बाळ मांडीवर ठेवलं. म्हणाली, बाबा, आता चष्मा काढा, त्याला बघू दे तुम्हाला.

मी काढला. अजेयने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि असा टाहो फोडला की जेवणाऱ्यांचे हात थांबले. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने मला चष्म्यातच बघितलेलं! पुन्हा लावला तर लागला हसायला. सगळे हसले. त्या शुक्रवारनंतर मंजुषा पहिल्यांदा हसली.

आता रोज हात धुऊन त्याच्यापुढे बसतो. चष्मा जरा उचलायचा, एक डोळा दाखवायचा, परत खाली. काल दोन्ही दाखवले. ओठ काढला त्याने, पण रडला नाही.

तुझा आशीर्वाद त्याच्यावरही असू दे.
श्यामकांत