राख नसलेली जागा

मंगळवार, १२ एप्रिल १९८८

शेजारच्या नानांनी आज गाडीभर कडबा आणून दिला. वणव्यात आमची वस्ती जळून आठ दिवस झाले, शेळ्या उपाशीच होत्या. सासूबाईंनी तर हात जोडले. मी नुसती कडब्याकडं बघत राहिले. हा वाचला कसा? नानांची कडब्याची गंजी आमच्या गोठ्याला लागूनच होती. गोठ्याची राख झाली. गंजीच्या जागेवर मात्र राख न्हाईच, मी दोनदा बघून आले.

शेवटी विचारलंच, "नाना, गंजी कधी हलवली?"

"त्याच दिशी सकाळी. बांधावरचं वाळलेलं गवत पेटवायचं व्हतं, म्हणून." बोलून गेले, अन् लगेच गाडी वळवायला लागले.

म्हणजे आग त्यांचीच. अन् आठ दिवस तेच सगळ्यांना सांगायलेत, कुण्या वाटसरूची बिडी पडली म्हणून. त्या सकाळी आमी शेळ्या घेऊन निघालो तेव्हा नाना गंजीजवळच उभे होते. "लय लवकर निघालात आज," एवढंच म्हणाले. एक शब्द बोलले असते, तर लेकरांचे कपडे, धान्य तरी बाहेर काढलं असतं. कडबा आठवला त्यांना, आमी न्हाई.

सासूबाईंना अजून सांगितलं न्हाई. बाहेर शेळ्या तोच कडबा खायल्यात. उपाशी हायेत, तोंडातून ओढून तरी कसा घेऊ?