शून्य टक्के रसाबाबत खुलासा

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी (माध्यमिक),
ऑनलाइन रंजक अध्ययन कक्ष,
दुसरा मजला, बंद लिफ्टसमोर.

विषय : दहावी 'ब'चा विज्ञानाचा वर्ग माझ्याकडून काढून न घेण्याबाबत.
संदर्भ : आपली दि. ३ ची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. आपल्या पोर्टलनुसार गेल्या मंगळवारी माझ्या तासाला एकेचाळीस विद्यार्थ्यांचा रस शून्य टक्के भरला. सबब सोमवारपासून हा वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे का देऊ नये, अशी विचारणा झाली आहे. बावीस वर्षे शिकवूनही मुलांचा रस मोजता येतो हे मला ठाऊक नव्हते. या अज्ञानाबद्दल प्रथम क्षमा मागते.

२. त्या तासाला मी कांद्याच्या मुळातील पेशी विभागतानाची चार मिनिटांची चित्रफीत दाखवली. ती इंटरनेटवर फुकट मिळते. हीच आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि दरवर्षी मुले तिला बटाटा म्हणतात. या खेपेस पडद्यावर एका पेशीच्या दोन झाल्या आणि वर्ग चिडीचूप झाला. मुलांनी चित्रफीत तीनदा लावायला लावली. सगळे पाहत बसल्याने माउसला कोणी हात लावला नाही, आणि आपले पोर्टल रस मोजते तो बटणे दाबण्यावरून. मुलांनी डोळे वापरले, ही त्यांची चूक मी मान्य करते.

३. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण म्हणाल, म्हणून शेजारच्या अंगणाची हकिकत देते. दहावी 'अ'चा रस त्याच दिवशी अठ्ठ्याण्णव टक्के भरला व तेथील भूगोलाच्या सरांना आपण 'रसाळ शिक्षक' हे प्रशस्तिपत्र पाठवले. सर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. वर्ग मैदानावर होता. झाडलोट करताना शिपाईमामांनी हजेरीपट उचलून चालू संगणकाच्या कीबोर्डवर ठेवला, तो तास संपेपर्यंत तेथेच राहिला. प्रशस्तिपत्र हाती पडल्यावर सर मला म्हणाले, "बाई, मी काहीच केलं नाही हो!" यशाचे रहस्य त्यांना नेमके कळले आहे.

४. आपल्या कार्यालयातील साहाय्यकांनी फोनवर प्रेमाने सुचवले, "मॅडम, मुलांना मधूनमधून कुठंही क्लिक करायला सांगत जा ना." गुरुवारी सांगितले. चित्रफीत सदतीस वेळा थांबली, एकदा मागे गेली आणि दोन पेशींची पुन्हा एक झाली. रस सत्त्याऐंशी टक्के. कोणालाही काहीही समजले नाही, पण त्यासाठी पोर्टलवर रकाना नाही.

५. आता नोटिशीतील दुसरा आरोप, 'अनधिकृत संकेतस्थळास भेट'. मंगळवारी शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तीन वर्षांत हजेरीखेरीज तिने तोंड उघडलेले मी पाहिले नव्हते. तिने विचारले, "बाई, वाढायचं कधी थांबवायचं, हे पेशीला कळतं कसं? आणि नाही कळलं तर?" मला पूर्ण उत्तर येईना, तसे मी सांगितले. मग आम्ही बेचाळीस जणांनी मिळून ते शोधले, पण आपल्या पोर्टलबाहेर, कारण पोर्टलवर त्या जागी फुगे उडत होते. उत्तर अर्धे झाले आणि घंटा वाजली. तिची आई चार महिने इस्पितळात आहे, हे मला तिच्या मैत्रिणीकडून नंतर कळले. इतक्या वर्षांत प्रथमच मला शिकवण्याची भीती वाटली. तेव्हापासून मी पुस्तके काढून बसले आहे.

६. सबब विनंती की, वर्ग काढायचाच असेल तर तो हजेरीपटाकडे सोपवावा, त्याचा अनुभव दांडगा आहे. मात्र ती मुलगी सोमवारी दुसऱ्या तासाला उरलेल्या उत्तराची वाट पाहणार आहे. मी तयारी केली आहे. मी नसेन, तर ते तिला कोणी सांगायचे, तेवढे आदेशात स्पष्ट लिहावे.

आपली नम्र व नीरस,
(सही)
विज्ञान शिक्षिका, दहावी 'ब' (सोमवारपर्यंत)
दि. ७

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. प्रशस्तिपत्र. सरांनी परत केले आहे, हजेरीपट स्वीकारत नाही.
३. मुलीचा प्रश्न, तिच्याच अक्षरात. येथे कोठेही क्लिक करू नये, फक्त वाचावा.