खोपीतलं मीठ

गुरुजी, मी तुमच्यावर रागावलो आहे. तुम्ही होतात तेव्हा असं म्हणायची माझी छाती झाली नसती. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की छडीची भीती उरली नाही, म्हणून लिहायला बसलो. कवठे येमाईच्या आपल्या शाळेच्या खिडकीतून जो माळ दिसायचा ना, त्याच्या पार पलीकडच्या टोकाला, ओढ्याच्या उगमापाशी मी खोप घालून राहतो. एकटा. आणि हे सगळं तुमच्यामुळे झालेलं आहे.

तो तास आठवतो का तुम्हाला? तुम्ही बोटातली अंगठी टेबलावर वाजवत ठेका धरता, डोळे मिटता, आणि डोंगरातल्या एकट्या माणसाची ती कविता म्हणू लागता. त्याचं त्याने पिकवलेलं धान्य, त्याचा झरा, त्याचा जाळ, कोणाचं काही नको. आणि मी हात वर करतो. "गुरुजी, त्याच्या खोपीत मीठ कुठनं आलं?" पोरं खिदळतात. तुम्ही डोळे उघडता. "कवितेत मीठ शोधतोस, गाढवा? ऊठ, बाहेर उभा राहा." मी बाहेर उभा राहिलो. उरलेली कविता भिंतीपलीकडून ऐकली, समोर तो माळ दिसत होता, आणि का कोण जाणे, रडू आलं. मीठ विसरलो, कविता तेवढी घेऊन निघालो.

पुढे दौंडच्या रेल्वेत पार्सलं उचलता उचलता जन्म गेला. फलाटावर शिट्टी झाली की मला ओढ्याचं पाणी ऐकू यायचं; साहेब म्हणायचे, ह्याचं लक्ष नाही. रिटायर झालो, बायको गेली. मुलाला म्हटलं, मला कोणी हाकललेलं नाही, मीच निघालो आहे, आणि आलो इथे. बाजरी काढतो, मटकी काढतो, मिरच्या वाळवतो, तेलापुरती करडई होते, शेळी आहे. चूल विझू देत नाही, राखेखाली निखारा धरून ठेवतो. मनाशी ठरवलं होतं, कोणाचं खायचं नाही. त्या कवितेतला माणूस खरा करून दाखवायचा. एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात स्वतःसाठी करायची होती, गुरुजी.

मीठ संपलं. सोबत आणलेली गोणी कधीतरी संपणारच होती. मी हट्टाने बाजाराला गेलो नाही. मटकीच्या पिठाचं अळणी पिठलं खाऊन पाहा एकदा, म्हणजे तुमच्या कवीला काय काय सांगायचं राहून गेलं ते कळेल.

पण खरा संताप पुढेच आहे. एकटा म्हातारा, वाढलेली दाढी, माळावर खोप. लोकांनी मला बाबा करून टाकला! आता दर गुरुवारी रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं शिफ्ट सुटली की फटफट्या घेऊन येतात. दारात नारळ फोडतात, उदबत्त्या खोचतात. एक जण युनिफॉर्मवरच पाया पडला. "बाबा, परमनंट व्हईन का?" मी ओरडलो, "मी बाबा नाही, पार्सलचा हमाल आहे! चालते व्हा!" ढेकूळ मारलं. तर त्याच्यासोबतचा बिहारी पोरगा हात जोडून म्हणतो, "बाबाजी गुस्से में हैं, मतलब काम हो गया." आणि आपला गाववाला त्यावर, "ज्याला ढेकूळ लागतंय, त्याचंच व्हतंय गड्या. तू जरा फुडं सरक." नारळ मी ओढ्यापलीकडे फेकून देतो. माझं एकटेपण फुकट गेलं, माझी कविता नासली, आणि दाद कोणाकडे मागू?

मग एका गुरुवारी खालच्या वस्तीवरच्या मुलाण्याची सून आली. कडेवर लेक, लेकीच्या हातावर चामखीळ. तिने उंबऱ्यावर मुठीएवढं खडेमीठ ठेवलं. मी म्हटलं, "उचल ते, बाई. मी बाबा नाही."

"नसाल तर नसा," ती म्हणाली. "चामखिळीला काय कळतंय? आमच्यात पिराला ठेवत्यात मीठ, तुमच्यात देवीला. हितनं दोनी लांब. तुमचा उंबरा जवळ पडला."

"मी काही करणार नाही."

"कोन म्हनतंय करा? निस्तं पडू द्या तितं."

ती गेली. मीठ पडून राहिलं. संध्याकाळी शेळीने तोंड घातलं, तिला हाकललं, आणि उरलेलं ओंजळीत धरून मी कितीतरी वेळ उभा होतो. फेकायला ओढा समोरच होता.

गुरुजी, ते मी पिठल्यात घातलं. आणि बोटं चाटली.

चामखीळ गेली, असं ती नंतर सांगून गेली. मी तिच्यावरही ओरडलो. ती हसली आणि पुन्हा ओंजळभर ठेवून गेली. तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: खोपीत मीठ कोणीतरी आणून देतं. तुम्हाला ठाऊक होतं का हे? ठाऊक असेल, तर मला उन्हात का उभं केलंत?

हे टपालात टाकायचं तर गावात जावं लागेल, आणि आज खोप सोडता येत नाही. आज गुरुवार. मडक्यातलं मीठ तळाला गेलं आहे, आणि तिच्या थोरल्याच्या पायाला चामखीळ आली आहे म्हणे. सकाळीच उंबरा सारवून ठेवला आहे मी.