जाणाऱ्याने आधी काय वाचावे

३ मार्च

प्रिय बोबडे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही असेल असं धरून चालते, कारण वाईट बातमी तू कधी लिहीतच नाहीस.

लग्न झालं, बंदरावर नोकरी लागली, तरी मी अजून बोबडे म्हणते म्हणून चिडू नकोस. धक्क्यावरच्या लाउडस्पीकरवरून अख्ख्या गावाला बोटींच्या वेळा सांगणारी बाई लहानपणी ‘र’ला ‘ल’ म्हणायची, हे ठाऊक असलेलं माणूस आई गेल्यापासून मी एकटीच उरले आहे. तेवढा हक्क राहू दे.

वाचनालयात विशेष काही नाही. नव्या कपाटाची दारं लागत नाहीत. सुतार म्हणतो, दारं सरळच आहेत, जमीन वाकडी आहे. मास्तरांनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनने सोडवून टाकलं, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्याशी अबोला धरला आहे. दोघं एकाच टेबलाशी बसतात आणि काही सांगायचं झालं तर मला सांगतात. मी निरोप पोचवते.

तुझं पत्र मिळालं. स्वतःचं घर झालं, फार बरं वाटलं. वरच्या खोलीच्या खिडकीतून धक्का दिसतो, तुझ्या मेकॅनिकने सगळ्या भिंती स्वतः रंगवल्या, सगळं दोनदा वाचलं. बोटींची इंजिनं उघडणारा माणूस भिंतींना ग्रीस फासून ठेवेल अशी मला धास्ती होती. जिना अरुंद आहे म्हणतेस, तर उतरताना दोन्ही हातांत सामान घेत जाऊ नकोस.

‘आता आम्ही इथलेच. वरची खोली तुझी. या उन्हाळ्यात येणार का, ते नक्की कळव.’ हेही वाचलं.

त्याचं असं आहे, की तुझ्या गावाची मला काडीचीही माहिती नाही. माहिती नसताना उठायचं आणि निघायचं हे मला पटत नाही. तुला आठवत असेल, शाळेत असताना वाचनालयातला तो फळा तूच सुरू केलास. कुणी प्रवासाला निघालं की त्याने गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून फळ्यावर टाचायचं, आणि बाकीच्यांनी त्या गावाची पुस्तकं सुचवायची. अजून चालतो तो. त्या फळ्यावरून मी लोकांना कुठे कुठे धाडलं. कुणी वाळवंटात गेलं, कुणी बर्फात गेलं, एक जण तर गेला तो तिकडचाच झाला. मी स्वतः मात्र कधी चिठ्ठी लावली नव्हती. आज लावली. माझं नाव घातलं नाही. तुझ्या गावाचं नाव, आणि खाली ‘जाणाऱ्याने आधी काय वाचावे?’

काय काय येतं ते बघू. वाचून होऊ दे, मग ठरवू. घाई कशाला करायची.

तुझी,
ताई


२१ मार्च

प्रिय बोबडे,

तुझं कार्ड आलं. ‘ताई, पुस्तकं पुरेत. खाट आणली आहे.’ बस, एवढंच. रागावलीस की काय ते कळेना. पण आधी इकडची गंमत ऐक.

नाव घातलं नाही, पण अक्षर माझंच आहे हे मी विसरले. ज्यांच्या पुस्तकांवर जन्मभर तारखा घातल्या त्यांना माझं अक्षर ओळखू येणार नाही तर कुणाचं येईल? दुपारपर्यंत ‘बाई जाणार’ असं झालं. संध्याकाळी त्याचं ‘बाई कायमच्या जाणार’ झालं. दुसऱ्या दिवशी मास्तर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “काय निघालं तपासणीत?”

ध चा मा व्हायला आपल्याकडे एवढाच वेळ लागतो. मी म्हटलं, “मास्तर, मी धडधाकट आहे. धाकट्या बहिणीकडे जायचं म्हणतेय.”

“मग ‘जाणाऱ्याने’ काय लिहिता? घरातून निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणत नाही.”

एवढं सुनावून ते कपाटाकडे गेले आणि तुझ्या बंदराच्या इतिहासाचे दोन जाडजूड खंड माझ्या टेबलावर आणून आदळले.

मग सगळ्यांनाच चेव आला. दातांच्या डॉक्टरांनी एक रहस्यकथा सुचवली. तिच्यात प्रत्येक प्रकरणात कुणी ना कुणी धक्क्यावरून पाण्यात पडतं. मी म्हटलं, “डॉक्टर, माझी बहीण तिथेच कामाला असते हो.” तर म्हणतात, “मग तर वाचाच. कुठे उभं राहू नये ते कळेल.” शेजारच्या शिंपीणबाईंनी दीपगृहवाल्याच्या बायकोच्या आठवणींचं पुस्तक आणून दिलं. त्यात खूण म्हणून मापाच्या टेपचा तुकडा घातलेला होता. “शेवटी रुळते ती तिथे,” त्या म्हणाल्या. “आधी फार रडते, पण रुळते.” आणि मग जाता जाता नेहमीचं विचारलं, तुझी खोली नुसतीच बंद आहे, तर त्यांचं मशीन तिथे ठेवू का. मी नेहमीचं सांगितलं, की नको, ती येईल कधीतरी, तिला लागेल.

पुस्तकं सगळी वाचली. तुझा धक्का आधी लाकडी होता आणि वादळात वाहून गेला, हे तुलाही माहीत नसेल. धुकं उतरलं की घंटा वाजवतात, दोरखंडाच्या कारखान्यामागची गल्ली फार चढाची आहे, सगळं पाठ झालं. दुसऱ्या खंडाच्या शेवटी घडी घातलेला नकाशा आहे. दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा तो टेबलावर पसरते आणि तुझ्या नव्या घरापासून धक्क्यापर्यंत बोटाने चालत जाते. बँकेच्या कोपऱ्यावर वळते, पायऱ्या उतरते, तुझ्या कचेरीपाशी थांबते. पुढे काय करायचं ते सुचत नाही. मग बोट उचलते आणि नकाशाची घडी घालते.

खरं सांगू का, एकाही पुस्तकात तू नाहीस.

परवा पंपवाला आला. पंपांचे सुटे भाग विकत गावोगाव फिरणारा माणूस. पुस्तक नेतो आणि पहिल्याच प्रकरणात बसचं तिकीट खुणेला घालून परत आणतो. फळा वाचून म्हणाला, “बाई, मी काय पुस्तक सांगणार, माझं वाचन तुम्हाला ठाऊकच आहे. पण या गावाला मी नेहमी जातो. तिथे वाचायचं काही नाही, ऐकायचं आहे. धक्क्यावर एक बाई बोलते लाउडस्पीकरवरून. काय आवाज आहे, एकेक अक्षर खणखणीत. फक्त परतीची बोट लागली की म्हणते, ‘पलतीची बोट’. बाकी सगळे र नीट येतात तिला, तेवढा एकच घसरतो. खलाशी हसतात. पण आम्ही फिरतीवरची माणसं मुद्दाम थांबतो ऐकायला. घरून कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं.”

मी “हो का” म्हटलं आणि त्याच्या पुस्तकावर उलटा शिक्का मारला. मग त्या दारं न लागणाऱ्या कपाटामागे जाऊन रडले. डॉक्टर आणि मास्तर दोघांनीही वर्तमानपत्रातून मान वर केली नाही, ते बरं केलं त्यांनी.

अगं, मी शाळेला निघाले की दाराची कडी धरून तू म्हणायचीस, “ताई, पलत ये.” आरशासमोर बसवून मी तुझा एकेक र घोटून घेतला. हा तेवढा ठेवला होता, फार गोड लागायचा म्हणून. मला वाटलं होतं तो आपोआप गेला असेल. फोनवर तू हा शब्द काढतच नाहीस. मीही काढत नाही.

आता लिहूनच टाकते. माहितीवाचून माझं काही अडलं नव्हतं. तू आज ना उद्या परत येशील, असं मी धरून बसले होते. नोकरीला कंटाळशील, नाहीतर तुझ्या मेकॅनिकला इकडे काम मिळेल, नाहीतर काहीतरी होईलच. तुझ्या खाटेवरची चादर मी अजून बदलते. तिकडे आले, ती वरची खोली डोळ्यांनी पाहिली, की तुझं घर तिथे आहे हे खरं होऊन बसणार. पुस्तकात वाचलं की ते परक्यांचं गाव राहतं. म्हणून वाचत बसले होते.

तुझी आठवण येते. रोज येते. एवढी एक ओळ लिहायला मला इतिहासाचे दोन खंड वाचावे लागले.

येणार का, ते अजूनही लिहवत नाही. रागावू नकोस. खाट खिडकीजवळ लावली आहेस का, तेवढं कळव.

तुझी,
ताई


६ एप्रिल

प्रिय बोबडे,

शिंपीणबाईंचं मशीन आज तुझ्या खोलीत आलं. मीच जाऊन सांगितलं त्यांना. मास्तर आणि डॉक्टरांनी दोन्हीकडून धरून ते आणलं, आणि दारातून आत कसं घालायचं यावरून वाद घालता घालता त्यांचा अबोला सुटला. तुझी खाट भिंतीला सरकवली. कपाटही त्यांनाच दिलं. तुझे लहानपणचे फ्रॉक तेवढे माझ्या पेटीत घातले. मशीनचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. कामात असताना मला तो बरा वाटला.

खोलीत कुणीतरी असणं चांगलं, हे मला आधीच कळायला हवं होतं.

फळ्यावरची चिठ्ठी काढायला गेले तर मास्तरांनी पेनने ‘जाणाऱ्याने’ खोडून ठेवलं होतं आणि वर ‘येणाऱ्याने’ लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वेळी पेन चाललं. मग मी ती काढली नाही. पंपवाल्याने सांगितलेलं सगळ्यात खाली लिहिलं: ‘वाचायचं काही नाही. धक्क्यावर थांबून ऐका.’

पुढच्या शनिवारी सकाळच्या बोटीने. मला घ्यायला धक्क्यावर येऊ नकोस, तुझ्या कामाच्या जागेवरच बस. रस्ता मला पाठ आहे. मी उतरेन आणि समोरच्या बाकावर बसून राहीन. परतीची बोट लागली की जसं नेहमी म्हणतेस तसंच म्हण. मी ऐकतेय म्हणून तो र नीट म्हणायला जाऊ नकोस. मला तो शब्द एकदा ऐकायचा आहे, आणि त्या बोटीत चढायचं नाही.

ती सुटली, की मग खाली ये.

येते.

ताई